वकिलाला भेटायला आलेले हात

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्यात वरण लावू नका. मी पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आहे, जुना आहे, आणि माझ्या पोटात काय काय उकळलं हे कळलं तर तुमचं जेवण राहील. एवढं मनावर घेतलंत तरी माझ्या आत्मवृत्ताचा अर्धा उपयोग झाला. उरलेला अर्धा ऐकायचा असेल तर बसा. हात धुतले नसतील तर जरा लांब बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं एक लोखंडी दट्ट्या वरून खाली आला आणि त्यानं एका चपट्या गोल पत्र्याला असा ठोसा दिला की पत्र्याचं भांडं झालं. ते भांडं म्हणजे मी. मग माझ्या कडा कापल्या, झाकणाला भोकं पाडली, कानात स्क्रू पिळले. शेवटी पोटात वाफ कोंडून फुटतो का ते पाहिलं. फुटलो नाही म्हणून खोक्यात घातलं. मारहाणीशी माझी ओळख अशी पहिल्या मिनिटापासूनची आहे. त्यामुळे पुढं जे झालं ते माझ्या मनाला फारसं लागलं नाही.

शर्यतींवरची बंदी उठली आणि जुन्नर-आंबेगावातले बैलगाड्यांचे घाट, म्हणजे शर्यतीच्या चढणी, पुन्हा गजबजले, त्या वर्षी अवसरी खुर्दच्या बाजूच्या एका यात्रेत मी बक्षीस म्हणून टेबलावर बसलो होतो. शेजारी कपाट, पलीकडे टेबलफॅन. मला निमगाव साव्याच्या गोरखनं जिंकलं. खरं तर त्याच्या बैलानं जिंकलं, पण बैलाच्या हातात कुकर देण्याची पद्धत अजून आलेली नाही.

या बैलाचं नाव वकील. पांढराशुभ्र खिलार, शिंगं मागं वळलेली. कुणी जवळ गेलं की तो आधी शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग शिंगानं आपली बाजू मांडायचा. म्हणून वकील. त्याची आई त्याला जन्म देताना गेली. गोरखनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. गोरखच्या अंगावर वकिलानं कधी शिंग उगारलं नाही. बाकी आख्ख्या निमगावाच्या अंगावर उगारलं.

गोरखच्या घरी त्याची बायको प्रतिभा हिनं मला चांगलं वागवलं. रोज घासायची, रबर वेगळं काढून वाळवायची. पाव्हणे म्हणायचे, "बक्षिसाचा कुकर ना हा, डाळ कशी लोण्यावानी शिजती." कौतुक कुणाला नको असतं. मी जोरात शिट्टी मारायचो.

मग एके दिवशी हरभऱ्याचं एक टरफल माझ्या शिट्टीच्या भोकात जाऊन बसलं. वाफ कोंडली. मला कोंडलेल्या वाफेची परीक्षा द्यायची सवय होती, पण माझ्या सेफ्टी वॉल्व्हला नव्हती. तो उडाला. हरभरे छताच्या पत्र्यावर छर्र्यांसारखे आदळले. एक गोरखच्या कपाळावर बसला आणि टेंगूळ आलं. मांजर त्या दिवशी गेलं ते नंतर पार पलीकडच्या आळे गावात दिसलं म्हणतात. गोरखची आई ठमाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "शिजलं वाटतं."

प्रतिभानं मला नवा वॉल्व्ह बसवला. पण विश्वास काही दुकानात मिळत नाही. ती मला लांबून, हातभर काठीनं शिट्टी सरळ करून वापरू लागली. असा संसार किती दिवस चालणार?

तेवढ्यात जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातलं हत्यारं उकळायचं विजेचं भांडं जळालं. नवीन येईपर्यंत कुणी कुकर देता का, असं तिथल्या उज्ज्वलाताई विचारत होत्या. प्रतिभानं मला त्याच दुपारी पोचवलं. चहालाही थांबली नाही.

उज्ज्वलाताई त्या दवाखान्यात व्रणोपचारक आहेत. डॉक्टर जनावर तपासतात, टाके घालतात, औषध ठरवतात. त्यानंतर जखम धुणं, पट्टी बदलणं आणि माणसांना जखमेपासून हाकलणं हे व्रणोपचारकाचं काम. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण जनावराला निदान दावं तरी असतं.

दवाखान्यात माझ्या पोटात एक जाळी बसवली. जाळीखाली पाणी. जाळीवर कापडात गुंडाळलेल्या कात्र्या, चिमटे, वाकड्या सुया आणि पट्टीच्या घड्या. शिट्टी झाली की आच बारीक करून अर्धा तास दम धरायचा, मग आपसूक थंड व्हायचं. मधेच कुणी झाकण उघडलं तर आतलं सगळं बाद, पहिल्यापासून सुरू. डाळ कच्ची राहिली तर पोट दुखतं. कात्री कच्ची राहिली तर जनावर मरतं. मी एकदम जबाबदार झालो.

मित्रांनो, त्या टेबलावरून मी जे पाहिलं ते लहान मुलांना सांगू नये असं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बिबट्यानं मानेला धरलेली शेळी पाहिली, तिच्या श्वासाबरोबर मानेतून फेस यायचा. काटेरी तारेत अडकून आचळ फाटलेली म्हैस पाहिली. शिंग मुळातून मोडलेला आणि त्या भोकात अळ्यांनी गाव वसवलेला बैल पाहिला. उज्ज्वलाताई चिमट्यानं एकेक अळी काढायच्या आणि बैलाच्या मालकाशी त्याच्या पोरीच्या दहावीबद्दल बोलायच्या. मालक दोनदा चक्कर येऊन पडला. बैल उभाच होता.

ताईंचं एक म्हणणं होतं. त्या प्रत्येकाला ते ऐकवायच्या. "जंतू काय एसटीनं येत नाहीत. कुणीतरी हातावर बसवून आणतं."

आणि मग या चैत्रात वकिलाचा घात झाला.

आळ्याच्या अलीकडं एका घाटात शर्यत होती. मी तिथं नव्हतो, पण दवाखान्यात डॉक्टरांना बोलवायला आलेल्या दहा जणांनी एकाच वेळी सांगितलं, त्यातून जुळवून सांगतो. गाडा सुटला. वकील पुढच्या जोडीत. घाट चढून बैल वर पोचले, रेषा ओलांडली, आणि थांबलेच नाहीत. गर्दी फुटली. वकिलाचा तोल कडेला गेला. तिथं एक ट्रॉली उभी होती, तिच्या फाळक्याचा पत्रा फाटून सुरीसारखा बाहेर आलेला होता. तो वकिलाच्या मागच्या उजव्या मांडीत घुसला. पळत्या बैलानं तो स्वतःच्याच वेगानं वरून खाली ओढून घेतला. कातडं पडद्यासारखं लोंबलं, आतलं लालभडक मांस थरथरताना दिसत होतं, आणि खुरापर्यंत रक्ताची धार. त्यावर घाटाची धूळ. त्यावर लोकांनी मुठी मुठी उधळलेला भंडारा. कारण बारी, म्हणजे ती फेरी, जिंकली होती. रक्त वाहत होतं आणि लाउडस्पीकर सेकंद सांगत होता.

डॉक्टर आणि ताई मला घेऊन तिथंच पोचले. दोरानं पाय आवळून वकिलाला आडवा पाडला, त्यात एकाचा दात गेला आणि एकाची बरगडी. भूल दिली, जखम धुतली, टाके घातले, खालून पाणी निघायला वाट ठेवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग डॉक्टरांनी गोरखला बाजूला घेतलं.

"ऐक नीट. जखम सांध्याच्या चार बोटं वर थांबली आहे. पू झाला आणि तो सांध्यात उतरला, तर हा पाय टेकणार नाही. एवढा मोठा बैल एकदा बसला की बसला. मग तो उठत नाही. कळलं?"

"कळलं साहेब."

"ताई चार दिवसांनी पट्टी बदलायला येतील. त्यांचा हात सोडून दुसरा हात लावायचा नाही."

गोरख हो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणतो, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

मला गोरखच्या गोठ्यात फळीवर ठेवलं. पोटात हत्यारं भरून, झाकण लावून. ताई निघताना फोन करणार, प्रतिभा मला शेगडीवर चढवणार, ताई येईपर्यंत मी तयार. व्यवस्था उत्तम होती. तिच्यात माणसं नसती तर ती चाललीही असती.

झालं काय की, आमच्याकडं माणूस आजारी पडला तर लोक भेटायला येतातच, पण शर्यतीचा बैल पडला तर जास्त येतात. दुसऱ्याच दिवसापासून रांग लागली. आळ्याची मंडळी आली, अवसरीची आली. नारळ आणले, केळी आणली. एकानं पेढे आणले. वकिलापुढं ठेवले आणि थोड्या वेळानं स्वतः खाल्ले. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच.

"कुठं लागलंय, बघू."

आमच्या इथं बघतात ते हातानं. पट्टीची कड उचलायची, बोटानं दाबायचं, वास घ्यायचा, मान हलवायची. मग तोच हात बैलाच्या पाठीवर फिरवून स्वतःच्या कपाळाला लावायचा. मग दुसऱ्याला म्हणायचं, तू बघ. एकानं आधी आपल्या नुकत्याच व्यायलेल्या गाईची वार काढली होती आणि हात धोतराला पुसून तसाच आला होता. एकानं खिशातून देवाचा भंडारा काढून टाक्यांत चिमूट सोडली. एकानं विडीची राख. एक जण डिझेल घेऊन आला होता, कारण त्याच्या ट्रॅक्टरचं काहीही बिघडलं तरी डिझेलनं बरं व्हायचं.

फळीवरून मी सगळं पाहत होतो. माझ्या पोटात निर्जंतुक कात्री होती. असं वाटत होतं की आपण हॉटेलात सोवळं नेसून बसलोय.

सगळ्यात वर होते गोरखचे मामा, भिमाजी. ठमाबाईचे धाकटे भाऊ. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक जनावरावर एक मत. ते रोज यायचे. त्यांच्याकडं एका डबीत काळं मलम होतं. त्यात काय आहे ते सांगत नसत, पण त्यातली तंबाखू आपोआप कळायची. ते पट्टी सोडवायचे, मलम भरायचे, आणि पुन्हा पट्टी बांधायचे, ती मात्र सुरेख बांधायचे.

"मामा, डॉक्टर नको म्हनलेत," गोरख एकदा पुटपुटला.

"डॉक्टर शिकलेला हाय. त्यानं त्याचं करावं, आपण आपलं करावं. बैल दोघांचं बी घील."

गोरखनं मामांच्या हातात पट्टी दिली. मामाला नाही म्हणायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. वकील दावणीला पाय उचलून उभा असायचा. वैरण तोंडात घेऊन तशीच धरून ठेवायचा. चावायचा नाही.

आणि मग माझ्यावर तो प्रसंग आला. प्रतिभा कांदा काढायला रानात गेली होती. पाव्हणे ओसरीवर बसले होते, मामाही होते, आणि ठमाबाईला मटण लावायचं होतं. घरातला नवा कुकर शेजारी गेलेला. ती गोठ्यात आली आणि फळीवर मला पाहून थांबली.

"आपलाच कुकर हाय की. हिथं काय करतोय?"

तिनं झाकण काढलं. हत्यारांचं गाठोडं सोडलं, कात्री, चिमटे पाट्यावर ओळीनं मांडले, जाळी कोपऱ्यात भिरकावली, आणि मला विसळून मटण घातलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बऱ्याच काळानं पोटात कांदा-लसूण गेलं होतं. मी शिट्टी मारली ती मनापासून मारली.

त्याच शिट्टीवर उज्ज्वलाताईंची स्कूटी दारात थांबली.

"मावशी, प्रतिभाला फोन लागत नव्हता. माझी कात्री कुठंय?"

"ती व्हय, पाट्यावर ठिवलीय नीट. कोंबडी बसली व्हती तिच्यावर, उठवली मी."

"आणि कुकर?"

"बसा की. एक शिट्टी राह्यलीय. आता जेवूनच जा."

 ताई कोपऱ्यातल्या जाळीकडं गेल्या, ती उचलली, पुन्हा ठेवली. मग गोठ्यात जाऊन पट्टी सोडली. वास ओसरीपर्यंत आला. मटणाची वाट बघत बसलेल्या पाव्हण्यांतला एक जण उठून अंगणात गेला. जखमेची कड काळी पडली होती, टाके पिवळ्या घाणीत बुडाले होते, आणि मधे, भंडारा न् तंबाखूच्या चिखलात, अळ्या वळवळत होत्या. ताईंनी गोरखकडं पाहिलं.

"कुणाकुणाचे हात लागलेत?"

"ताई, लांबलांबून येत्यात लोकं. न्हाई कसं म्हणायचं?"

"नको म्हणू. मग बैलाला सांग, तू मर म्हणून. तो लांबून आलेला नाहीये."

गोरखचं तोंड एवढंसं झालं. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला.

त्या दिवशी जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आधी ठमाबाईनं मला घासलं. मटण पातेल्यात ओतलं, मला राखेनं, मग साबणानं, मग परत साबणानं.  मग पोटात जाळी, हत्यारं, आणि मोठी आच. ओसरीवरचे सगळे माझी शिट्टी व्हायची वाट पाहत बसले, लग्नात मुहूर्ताची पाहतात तसे. अर्धा तास दम. कुणी झाकणाकडं हात नेला की ठमाबाई उलथनं उगारायची.

वकिलाला पुन्हा पाडला. यावेळी त्यानं फार ओढाताण केली नाही, तेच वाईट होतं. डॉक्टरांनी टाके उसवले. मेलेलं मांस कापून कापून घमेल्यात टाकलं. काळं होतं तोवर वकील हलला नाही. मग कात्री खालच्या जिवंत मांसाला टेकली, रक्त भळाभळा आलं, आणि तो असा हंबरला की शेगडीवर माझं झाकण वाजलं. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे. दुखतंय म्हणजे मांस जिवंत आहे." ताई उकळून गार केलेलं मिठाचं पाणी पिचकारीनं मारत होत्या, पुन्हा पुन्हा, लाल पाणी गोठ्यातून अंगणात वाहत गेलं. भिमाजीमामा ओसरीवर मटणाची नळी चोखत म्हणाले, "एवढं कापायला नको व्हतं. माझ्या मलमानं सुकलं आस्तं." ताईंनी पिचकारी पुन्हा भरली.

टाके परत घातले नाहीत. जखम उघडी ठेवूनच आतून भरून आणायची ठरली. डॉक्टरांनी हातमोजे उतरवले.

"सांध्यापर्यंत आज गेलेलं नाही. पुन्हा घाण झाली तर मात्र मला बोलावू नका. मी येऊन करण्यासारखं काही राहणार नाही."

ते गेल्यावर गोरख गव्हाणीला टेकून बसला. म्हणाला, "उद्या आळ्याची लोकं येनार हायती. मामा बी येनार. काय सांगू?"

ठमाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "पाव्हण्यांना भेटायला बैल पायजे ना. कोंचा, हे कुठं कुणी इचारलंय?"

मित्रांनो, पुढचं ऐकताना मी थापा मारतोय असं वाटेल. पण कुकरला थापा मारता येत नाहीत, आम्ही फक्त शिट्टी मारतो.

गोरखकडं आणखी एक पांढरा खिलार होता. नाव मास्तर. वयानं पिकलेला, गरीब, कुणी काही केलं तरी रवंथ करणारा. ठमाबाईनं वकिलाला मागच्या खोलीत नेऊन बांधला, दाराला बारीक जाळी लावली, खाली कोरडा भुसा पसरला. आणि मास्तरच्या धडधाकट मागच्या उजव्या पायाला मांडीपासून गुडघ्यापर्यंत जाडजूड पट्टी बांधली, वर लाल औषधाचे शिंतोडे मारले, आणि त्याला पुढच्या गोठ्यात अंधाऱ्या बाजूला उभा केला.

"मावशी, ओळखतील की," ताई म्हणाल्या.

"न्हाई वळखत. जखम बघाय आल्याला माणूस तोंड बघत न्हाई."

आणि खरंच कुणी ओळखलं नाही. लोक आले, मास्तरपुढं नारळ ठेवले, पट्टीवर हात फिरवले, डिझेल शिंपडलं. "उतरलाय लई," म्हणून हळहळले. मास्तर केळी खात राहिला. भिमाजीमामा रोज पट्टीच्या वरून मलम लेपायचे. पट्टी सोडायची नाही, डॉक्टरांनी सील केलीय, असं ठमाबाईनं सांगितलं होतं. तिसऱ्या वेळेला मामा मागं सरून बघत म्हणाले, "फरक पडलाय. सूज उतरली. मी म्हनलं नव्हतं?"

मागच्या खोलीत मात्र दोनच माणसं जायची, ताई आणि गोरख, कोपरापर्यंत हात धुऊन. मी रोज वाफ धरायचो. पट्टी रोज थोडी कोरडी निघायची. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलं मांस दिसू लागलं. ताई म्हणाल्या, हे चांगलं. पण वकील अजून पाय टेकत नव्हता. तीन पायांवर उभा, चौथा अधांतरी.

एके दिवशी सकाळी मामा दोन दणकट गडी आणि एक लोखंडी डागणी घेऊन आले. डागणी म्हणजे पुढं चपटी झालेली सळई. ती लाल करून दुखऱ्या भागावर टेकवतात, म्हणजे दुखणं पळून जातं. ते पळतं की नाही माहीत नाही, जनावर नक्की पळतं.

"सूज उतरलीय, पर लंगडं ऱ्हाईल. आता डागायचं. माझ्या बानं असंच नीट केलं व्हतं."

"मामा, ऱ्हाऊ द्या," गोरख म्हणाला.

"तू गप. पोरांनो, धरा रं."

त्यांनी डागणी माझ्याच शेगडीत खुपसली. माझ्या पोटात त्या दिवशीची हत्यारं होती. मी बाजूला ढकलला गेलो. सळई लाल झाली. गड्यांनी मास्तरच्या पायात दोर टाकून आवळला. मास्तरनं रवंथ थांबवला आणि गोरखकडं पाहिलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं.

मामांनी पट्टीच्या वर, उघड्या कातड्यावर नेम धरला. गोरख मधे शिरला. त्याला मामांचा हात धरायचा होता, पण सळई आधी आली. ती त्याच्या दंडाच्या खाली, आतल्या नाजूक कातड्यावर टेकली. चर्र झालं. जळक्या केसांचा आणि मांसाचा वास सुटला. गोरख ओरडला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं मामांच्या कानाखाली अशी वाजवली की मामांची टोपी कोंबड्यांत जाऊन पडली. एका गड्यानं गोरखची गचांडी धरली, गोरखनं त्याला गव्हाणीवर आपटला, दुसरा दोर सोडून मधे पडायला आला तर सुटलेल्या मास्तरनं त्याच्या पोटात डोकं घातलं. मास्तरनं. मला वाटलं, आता शेगडीसुद्धा कुणाला तरी चावणार.

"हात लावायचा न्हाई," गोरख म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "माझ्या कुठल्याबी बैलाला कुणी बी हात लावायचा न्हाई. मामा, तुमी बी न्हाई."

मामा गालावर हात धरून उभे होते. सख्ख्या मामाला भाच्यानं मारलं, हे गावात अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

"कुठल्याबी म्हंजी? वकील न्हाई का ह्यो?"

"मास्तर हाय ह्यो," ठमाबाई म्हणाली. "बरा हाय. पहिल्यापास्नं बरा हाय."

मामा बराच वेळ मास्तरच्या तोंडाकडं बघत राहिले. पहिल्यांदाच बघत होते.

"म्हंजी मी बऱ्या बैलाला मलम लावत व्हतो?"

"व्हय भिमा. आन् फरक पडलाय म्हनलास."

मामांनी टोपी उचलली, झटकली, आणि गड्यांना घेऊन निघून गेले. डबी तिथंच राहिली.

ताई आल्या तेव्हा गोरख हात नळाखाली धरून बसला होता. त्यांनी स्वच्छ कापड सैल गुंडाळून दिलं आणि म्हणाल्या, "मी जनावरांची. तू सरकारी दवाखान्यात जा, माणसांच्या." तो जाऊन आला. आणि संध्याकाळपर्यंत गोरखला भेटायला लोक आले. पहिलाच माणूस ओसरी चढला आणि गोरखच्या हाताची पट्टी उचलत म्हणाला, "कुठं भाजलंय, बघू."

गोरखनं हात डोक्याच्या वर धरला. शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

"लांबनं," तो म्हणाला. "चहा घ्या. पर लांबनं."

त्यानंतर गोठ्यात कुणी हात लावला नाही. काही जण रुसले, काही जण बोलले, पण दारातूनच. ठमाबाईनं उलथनं गोठ्याच्या दाराशीच ठेवलं होतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एका सकाळी ताई वकिलाच्या मागं बसून पट्टी सोडत होत्या. मी शेजारी स्टुलावर, झाकण उघडं, तयार. पट्टी कोरडी निघाली. जखम आक्रसून तळहाताएवढी झाली होती, वास नाही, कडेनं गुलाबी नवं कातडं सरकत होतं. ताईंनी गार पाण्याची पिचकारी मारली. वकिलानं शांतपणे ऐकून घेतलं. आणि मग बाजू मांडली.

लाथ इतकी जोरात आली की मी कधी उडालो ते मला कळलं नाही. आधी भिंत लागली, मग गव्हाणीची कड, मग जमीन. चिमटे चारी दिशांना गेले. माझा काठ आत वळला, एक कान मोडून दारापर्यंत गेला. ताई थोडक्यात वाचल्या होत्या, भुश्यात उताण्या पडल्या होत्या.

गोरख पाठीवरचा वैरणीचा भारा टाकून धावत आत आला. "ताई, लागलं का?"

ताई छताकडं बघत होत्या. "कुठल्या पायानं मारली विचार."

"कुठल्या?"

"उजव्या."

गोरखनं वाकून पाहिलं. वकील चारी पायांवर उभा होता. मागचा उजवा भुश्यात पक्का रोवलेला, पूर्ण भार देऊन. गोरख तिथंच खाली बसला आणि वकिलाच्या पुढच्या पायाला टेकून हमसून हमसून रडला. वकिलानं मान खाली घालून त्याच्या पाठीवरची वैरण खाल्ली. ठमाबाई दारातून म्हणाली, "कुकर मेला वाटतं." ताई म्हणाल्या, "मरू दे."

मला राग आला नाही, मित्रांनो. जन्मल्यापासून मी इतका मार खाल्ला, पण कुणाचा पाय बरा झाला म्हणून पहिल्यांदाच.

माझ्यावर आता झाकण बसत नाही. वाफ धरता येत नाही, त्यामुळे दवाखान्यातली माझी नोकरी गेली. ताईंना विजेचं नवीन भांडं आलंय, ते शिट्टीच मारत नाही, मला त्याची काळजी वाटते. मला ठमाबाईनं गोठ्याच्या दारात दगडावर ठेवलंय. माझ्यात पाणी असतं, शेजारी साबण. आत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्यापाशी वाकतो. परवा भिमाजीमामासुद्धा आले. उंबऱ्याशी थांबले, कुणाकडं न बघता कोपरापर्यंत हात धुतले, मग ते हात पाठीमागं बांधून आत जाऊन वकिलासमोर उभे राहिले. गोरखनं त्यांना खुर्ची दिली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या जखमेला भेटायला जाल, माणसाच्या किंवा मुक्या जनावराच्या, तर जरूर जा. नारळ न्या, केळी न्या, हळहळा, दोन गोष्टी बोला. पण हात आधी माझ्यासारख्या कुणाकडं तरी धुवा, आणि धुतल्यावरही पाठीमागंच बांधून ठेवा. पाठीला जंतूंचा त्रास होत नाही.